पोच द्यायला शिका: पुण्यात पहिल्यांदाच टीम किंवा कमिटी हाती आलेल्यांसाठी

नेतृत्वासाठी कुणी अर्ज करत नाही, ते बहुतेक वेळा अंगावर येतं. ऑफिसात टीम लीड नोकरी सोडून जातो आणि मॅनेजर म्हणतो, ‘पुढची व्यवस्था होईपर्यंत तू बघ.’ सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की सगळे एकदम चपला शोधायला लागतात, आणि चहाचा कप हातात धरून निवांत बसलेला माणूस बिनविरोध निवडून येतो. मी दोन्हीकडे असाच आलो. भोसरीच्या एका कारखान्यात २५व्या वर्षी १४ ऑपरेटरांची लाईन माझ्याकडे दिली, त्यातले निम्मे माझ्या वडिलांच्या वयाचे. पुढे धायरीत ६४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तो त्या चहाच्या कपामुळेच.

मराठीत ‘पोच’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. सरकारी कार्यालयात कागद दिला की शिक्का मारून मिळते ती पोच. आणि ‘त्याला काही पोच नाही’ म्हणतो तेव्हाची पोच वेगळी, म्हणजे कुठे काय बोलावं-वागावं याची समज. माझ्या अनुभवात पहिली पोच नियमित देत गेलं की दुसरी हळूहळू येते. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: एक लहान काम उचला, पण अख्खं उचला

पहिल्या महिन्यात ‘सुधारणांची यादी’ काढू नका. मी काढली होती, २२ मुद्द्यांची, लॅमिनेट करून. त्यातला एकही मुद्दा पूर्ण झाला नाही आणि ते लॅमिनेशन पुढे कुणीतरी डबा ठेवायला वापरलं.

सगळ्यांना रोज टोचणारं आणि तुमच्या हातात असलेलं एकच काम घ्या. कारखान्यात ते शिफ्ट बदलताना लिहायची वही असू शकतं: आधीच्या शिफ्टला कुठलं मशीन कुरकुरत होतं, कुठला माल अर्धवट राहिला, कोणतं टूल बदलायचं आहे. ही वही बहुतेक ठिकाणी असते आणि तीत ‘सर्व ओके’ एवढंच लिहिलेलं असतं. ऑफिसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी लॅपटॉप, पासवर्ड आणि बसायला जागा एकाच वेळी मिळेल एवढं घडवून आणा, तो तुम्हाला वर्षभर विसरणार नाही.

सोसायटीत मी कचऱ्यापासून सुरुवात केली. पुण्यात दारोदार कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, आणि तिच्या मागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना. म्हणजे आपल्या दारात येणाऱ्या ताई सभासद आहेत, कुणाच्या नोकर नव्हेत. हे मला आठवडाभर सकाळी ७ वाजता डब्यांपाशी उभं राहिल्यावर कळलं. त्यांची तक्रार ओल्या-सुक्याची नव्हतीच. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर तसेच टाकले जात होते आणि ते त्यांना हाताने वेगळे करावे लागत होते. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही शहरात आधीपासून सुचवलेली साधी पद्धत. आम्ही लाल मार्करचं एक खोकं आणलं आणि प्रत्येक घरी एक मार्कर दिला. महिन्याभरात बऱ्याच घरांतून ठिपके दिसायला लागले. सेक्रेटरी म्हणून माझं पहिलं काम हेच, आणि पुढे पार्किंगच्या भांडणात लोकांनी माझं ऐकलं ते याच मार्करच्या जोरावर.

पायरी २: तू की तुम्ही, हे आधी ठरवा

हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. शॉप फ्लोअरवर वयाने मोठ्या ऑपरेटरला ‘अहो मामा’, ‘काका’ म्हणा, हुद्दा काहीही असो. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने आणि ‘तू’ म्हणत असतील तर तुम्ही तेच ठेवा. लीड झाल्यावर अचानक ‘तुम्ही’ सुरू केलंत तर समोरचा समजून जातो की आता हा साहेब झाला. कालपर्यंत कट्ट्यावर बसणारा मित्र आज तुमच्या टीममध्ये असेल तर ‘तू’ तसंच राहू द्या, फक्त त्याला एकदा बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की रजा आणि रेटिंगच्या बाबतीत तुला वेगळी वागणूक मिळणार नाही. हे बोलणं पहिल्या आठवड्यात सोपं असतं, सहा महिन्यांनी फार अवघड.

भाषेचंही तसंच. टीममध्ये एक माणूस जरी मराठी न समजणारा असेल तर बैठक त्याला समजेल अशा भाषेत घ्या. जेवताना काय बोलायचं ते तुमचं. पण निर्णय जेवणाच्या टेबलावर मराठीत झाला आणि त्या माणसाला तो ईमेलवरून कळला, तर चूक तुमची.

पायरी ३: वाजत राहिलेल्या टाळाकडे जा

आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम करते, भवानी पेठेत. पुढे दिवेघाट चढून गेली की संध्याकाळच्या तळावर समाजआरती होते, ती एकदा जाऊन पाहा. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समुदाय एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. तेवढेच टाळ वाजत राहतात, आणि चोपदार तिथे जाऊन काय झालं ते विचारतो. त्यानंतर पुढचं.

मला नेतृत्वाचा यापेक्षा चांगला धडा अजून भेटलेला नाही. लोकांना गप्प करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्यानेच वाजणाऱ्या टाळाकडे चालत जायचं.

तुमच्या टीममध्ये टाळ असे उघड वाजत नाहीत, ते शोधावे लागतात. पहिल्या १५ दिवसांत प्रत्येकाशी एकट्याने २० मिनिटं बोला. केबिनमध्ये नको, चहाच्या टपरीपर्यंत चालत जा, किंवा मशीनपाशी उभे राहा. विचारायचं एवढंच: कामात रोज काय अडतं? आधीच्या माणसाने केलेलं काय बंद करू नये असं वाटतं? दुसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण नवा माणूस चांगली चाललेली गोष्टच आधी मोडतो. ऐकताना लगेच उपाय सांगू नका. मला ही सवय जडायला दोन वर्षं लागली. घरी अजून जडलेली नाही असं बायको म्हणते.

सोसायटीत हेच काम संध्याकाळी जिन्यात होतं. भाडेकरूंकडेही जा. त्यांना सभेत मत नसतं, म्हणून पाणी न येणाऱ्या मजल्यावर ते राहतात हे कमिटीला वर्षानुवर्षं माहीतच नसतं.

पायरी ४: परत जाऊन सांगा

हीच पायरी सगळ्यात जास्त चुकते. ऐकायला सगळे जातात. परत जाऊन ‘तुम्ही सांगितलं त्याचं असं झालं’ असं सांगायला फार थोडे जातात.

माझ्या लाईनवर एका मामांनी उन्हाळ्यात पंखा मागितला होता. मी मेंटेनन्सकडे गेलो, त्यांनी या वर्षी जमणार नाही म्हटलं. मला वाटलं, नकारच आहे तर काय सांगायचं. मामांना वाटलं, हा विसरला. त्यानंतर त्यांनी मला काही सांगणंच सोडलं. फिक्श्चरची, म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची, पिन झिजत चालली आहे हे त्यांना हाताला जाणवत होतं, पण ते बोलले नाहीत. अख्खी लॉट रिजेक्ट झाली तेव्हा मी विचारलं, ‘मामा, बोलला का नाहीत?’ ते म्हणाले, ‘पंख्याचं बोललो होतो की.’

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक बाईंना १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना उलटंच काही दिसलं. चांगल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण नोंदी पाहिल्या तर तिथे चुका जास्त. नंतर उलगडा झाला: तिथे लोक चुका लपवत नव्हते, सांगत होते. टीममध्ये न घाबरता बोलता येण्यावर १९९९ साली त्यांनी लिहिलेला निबंध आज व्यवस्थापनाच्या वर्गांतून शिकवला जातो. आमच्या मामांनी मला तेच एका वाक्यात शिकवलं, फक्त किंमत एका लॉटची.

म्हणून एक वही ठेवा, मोबाईलमध्ये नको, कागदाची. डावीकडे तारीख, कुणी काय सांगितलं. उजवीकडे उत्तर कधी दिलं. दर शुक्रवारी उजवीकडच्या रिकाम्या जागा बघा आणि त्या माणसांकडे जा. ‘झालं नाही, कारण हे’ हेसुद्धा उत्तर आहे. ‘अजून कळलं नाही, सोमवारी परत विचारतो’ हेही. नकाराने माणूस नाराज होतो, पण उत्तरच आलं नाही तर तो पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

पायरी ५: बैठक चालवायला शिका

बैठकीचं कौशल्य सोसायटीत शिकलं की ऑफिसातल्या बैठका पोरखेळ वाटतात. आधी नियम. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली जी कमी असेल ती. अर्ध्या तासात तेवढे लोक आले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. आमच्याकडे लोक हा अर्धा तास धरूनच घरून निघतात.

सभा मोडते ती जवळजवळ नेहमी शेवटच्या विषयावर: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. हिशेब पाच मिनिटांत मंजूर होतात आणि मग कुणाची तरी कुंडी कुणाच्या तरी गॅलरीत ठिबकते यावर दीड तास जातो. यावर मी वापरलेली युक्ती अशी. सभेच्या दोन दिवस आधी सगळ्यात कडक बोलणाऱ्या सभासदाला स्वतः जाऊन भेटायचं. फोन नको, घरी जायचं. ‘काका, तुमचा मुद्दा विषयपत्रिकेत घेऊ का?’ असं विचारलं की निम्मी हवा तिथेच जाते, आणि उरलेला मुद्दा बहुतेक वेळा खरा असतो. आमच्या काकांमुळेच लिफ्टच्या देखभालीचं बिल दोनदा दिलं गेल्याचं उघड झालं.

ठराव झाला की सूचक कोण, अनुमोदक कोण हे तिथल्या तिथे लिहा. इतिवृत्तात ‘सखोल चर्चा झाली’ हे वाक्य लिहायचंच नाही. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं पुरे. ऑफिसातल्या बैठकीलाही हेच लागू, फक्त तिथे ती १५ मिनिटांत आणि शक्यतो उभ्यानेच संपवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णय घेऊ नका. तिथे सूचना द्या, पोच द्या. वाद सुरू झाला की ‘संध्याकाळी खाली भेटू’ लिहा आणि खरंच खाली जा.

पायरी ६: आपण कुणाच्या वतीने बोलतो?

१८७० साली पुण्यात लोकांचं म्हणणं सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा स्थापन झाली ती पर्वती संस्थानाच्या, म्हणजे पर्वतीवरच्या देवस्थानाच्या, कारभाराबद्दलच्या नाराजीतून. सभेच्या सभासदाला किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे ‘जनतेचं म्हणणं आहे’ असं म्हणायचं तर आधी ५० घरी जाऊन यायचं. ‘सगळ्यांना असंच वाटतं’ हे वाक्य कमिटीत आणि ऑफिसात इतकं सर्रास वापरलं जातं, की हा नियम परत आणावा असं मला अधूनमधून वाटतं. तुम्ही निदान नावं सांगा. ‘सी विंगच्या सात घरांचं म्हणणं आहे’ यात जितका जोर आहे, तितका ‘सगळ्यांना’मध्ये नाही.

पायरी ७: काम वाटा, आणि वाटल्यावर हात मागे घ्या

गणपतीच्या आधी नदीकाठाने संध्याकाळी गेलात तर ढोल-ताशा पथकांचे सराव कानावर येतात. थोडा वेळ थांबून बघा. ताल ताशाचा असतो, ढोल त्याच्यामागे जातात. प्रमुख पुढे उभा राहून हाताने खुणा करतो, स्वतः ढोल बडवत नाही. ध्वज कुणाकडे, झांज कुणाकडे, वादकांना पाणी कोण पाजणार, मिरवणुकीत दोर धरून गर्दी कोण थोपवणार, हे आधीच ठरलेलं. दोर धरणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, पण तो सुटला की पथक विस्कटतं.

नव्या लीडची हमखास चूक म्हणजे ढोल आपणच उचलणं. ‘मी केलं तर लवकर होईल’ हे खरंही असतं. पण मग खुणा करायला पुढे कुणीच उरत नाही. नव्या मुलाला काम देताना ते कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगा आणि मध्ये दोनदा बघा. १० वर्षं तेच करणाऱ्याला फक्त काय हवं आणि कधी हवं ते सांगा. दोघांना एकाच पद्धतीने सांगितलं तर नवा गोंधळतो आणि जुना अपमान मानतो. आणि दोर धरणाऱ्याचं नाव वरच्या साहेबांसमोर घ्या, तो तिथे नसतानाही.

पायरी ८: टोमणा घरी ठेवा

पुणेरी पाटी वाचायला मजा येते, कारण ती आपल्यासाठी लिहिलेली नसते. टीममध्ये चूक सांगताना हा बाणा काही कामाचा नाही. एकट्याला, त्याच दिवशी, कृतीबद्दल बोला: ‘तुम्ही बेजबाबदार आहात’ नको, ‘काल रिपोर्ट सहाला यायचा होता, नऊला आला, त्यामुळे क्लायंटचा फोन मला घ्यावा लागला’. मग गप्प बसून ऐका. बरेचदा मागे कारण असतं, घरचं आजारपण किंवा दुसऱ्या साहेबाने लादलेलं काम. मात्र छळवणूक, चोरी, सुरक्षेचे नियम मोडणं हे समजुतीने मिटवण्याचे विषय नाहीत. महिला सहकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार सांगितली तर ती २०१३च्या कायद्याखालील अंतर्गत समितीकडे कशी न्यायची ते तिला सांगा. मध्यस्थी करायला जाऊ नका.

पायरी ९: चार लोकांत बोलायची सवय

ही जन्मजात नसते. शहरात टोस्टमास्टर्सचे, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांचे, क्लब आहेत, तिथे पाहुणा म्हणून जाता येतं आणि पहिलं काम बहुधा वेळ मोजण्याचं मिळतं. हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवताना कळतं की दोन मिनिटं किती लांब असतात. खर्च नको असेल तर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला अजून भरते. वक्त्याकडे कमी आणि श्रोत्यांकडे जास्त बघा, कुठल्या वाक्याला माना खाली मोबाईलकडे जातात ते.

पायरी १०: फाटकाबाहेर

सोसायटीचं काम एक दिवस फाटकाबाहेर जातंच: रस्त्यावरचा दिवा, तुंबलेली गटारलाईन. आधी तुमचा पत्ता कुणाच्या हद्दीत आहे ते बघा. बाणेर पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. नव्याने आलेले लोक भलत्याच कार्यालयात महिनाभर खेटे घालतात. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत, बहुतेक कामं तिथूनच हलतात, मुख्य इमारतीत जाण्याची गरज नसते. लहान कामांसाठी नागरिकांकडून अंदाजपत्रकात सूचना घेण्याची पद्धत २००६-०७पासून आहे. बाक, पदपथ, बसथांबा अशा गोष्टी त्यात सुचवता येतात. अर्ज कधी घेणार ते पावसाळ्यातच क्षेत्रीय कार्यालयात विचारून ठेवा.

अर्ज दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ही पहिली पोच. त्याशिवाय दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे: शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. पण पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नका. आधी कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवा, चहा पाजा, खड्डा दाखवा. मग सोसायटीत परत येऊन फलकावर लिहा: अमुक तारखेला अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक. काम व्हायचं तेव्हा होईल, पण लोकांना त्यांची पोच त्याच दिवशी मिळते.

पायरी ११: खुर्ची सोडण्याची तयारी पहिल्या वर्षीच

कमिटीची मुदत पाच वर्षं, नोकरीत त्याहून कमी. एक फाईल पहिल्या दिवसापासून बांधत जा: नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदी, लिफ्टचा करार, टँकरवाल्याचा नंबर, बँकेत सह्या कुणाच्या. ऑफिसात पासवर्ड कुणाकडे, कुठल्या क्लायंटला कधी फोन लागतो, कोण कशावर चिडतं.

मी ही फाईल नीट बांधली होती असा माझा समज होता. पद सोडल्यावर दोन महिन्यांनी रात्री साडेअकराला नव्या सेक्रेटरी ताईंचा फोन आला. वरची टाकी वाहत होती आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते फाईलमध्ये नव्हतं. ते मलाही माहीत नव्हतं. पाच वर्षं तो व्हॉल्व्ह रात्रपाळीचे वॉचमन काका बंद करत आले होते, आणि काका गावी गेले होते. टॉर्च घेऊन आम्ही तिघं-चौघं बी विंगच्या मागे दगड उचलत फिरलो. तो सापडला जास्वंदीच्या कुंडीखाली. दुसऱ्या दिवशी ताईंनी फाईलच्या पहिल्या पानावर त्याचा नकाशा काढला आणि खाली काकांचं नाव लिहिलं.